डेमो प्लांटची यंत्रं लांबली: शेअर धरून बसायचं तर कशाच्या आधारावर?

होटगी रोड

नमस्कार मंडळी. परदेशातल्या एका छोट्या खाण कंपनीचे शेअर सोलापुरातल्या बऱ्याच जणांकडे आहेत. कंपनी कॅनडात नोंदलेली आहे आणि प्रकल्प अमेरिकेत आहे. चिकणमातीतून ॲसिडनं लिथियम काढायचं आणि त्याचं कार्बोनेट करायचं अशी पद्धत आहे. प्रयोगशाळेतली आणि पायलट (छोट्या प्रमाणावरची) चाचणी झाली, आता डेमो प्लांट (मुख्य प्रकल्पाआधीचा नमुना कारखाना) उभा राहतोय. ताज्या पत्रकात तीन उशीर कळवलेत: फिल्टर प्रेस (कापड लावलेल्या प्लेटांमध्ये गाळ दाबून द्रव वेगळा करणारं यंत्र) १४ आठवडे, क्रिस्टलायझर (द्रवातून दाणे काढणारं यंत्र) ५ महिने, मोटर कंट्रोल सेंटर (सगळ्या मोटारींना वीज देणारं पॅनेल) ९ आठवडे. कारण म्हणून फक्त "पुरवठा साखळीतील अडचणी" एवढंच लिहिलंय.

गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो विका, दुसरा म्हणतो थांबा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण "घ्या" किंवा "विका" असा सल्ला नकोय. विचारायचंय ते असं: यातला कुठला उशीर मामुली, कुठला धोक्याचा आणि तो ओळखायचा कसा? थांबायचंच झालं तर किती महिने, हे कशावरून ठरवायचं?

पॅनमन

आधी एक गैरसमज काढूया. १४ आठवडे, ५ महिने आणि ९ आठवडे यांची बेरीज करायची नसते. हे उशीर एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे सगळ्यात शेवटी येणारं यंत्रच तारीख ठरवतं. मात्र तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

मोटर कंट्रोल सेंटर कागदावर सगळ्यात लहान उशीर दिसतो, पण ते आल्याशिवाय साइटवरची एकही मोटार फिरवून बघता येत नाही. पॅनेल बसवणं, केबल जोडणं, मेगरनं इन्सुलेशन तपासणं, प्रत्येक मोटारीची दिशा बघणं, मग एकेका उपकरणाचा सिग्नल पीएलसीपर्यंत (प्लांट चालवणाऱ्या संगणकापर्यंत) पोचतोय का ते पाहणं, यात पॅनेल आल्यावरही महिना-दीड महिना जातो. टाक्या, पंप, कन्व्हेयर सगळं जागेवर असूनही गप्प बसून राहतं. बरं, यात पद्धतीचा काही दोष नसतो. पॅनेल आलं की प्रश्न मिटला.

फिल्टर प्रेसची गोष्ट निराळी, कारण चिकणमातीच्या प्रकल्पात ते यंत्र म्हणजे प्रकल्पाचा जीव. ढोबळ हिशेब मांडतो. मातीत टनाला ३ किलो लिथियम, ॲसिडनं ९० टक्के सुटलं, स्लरीत (माती आणि ॲसिडच्या पातळ गाळात) घन भाग ३० टक्के. मग द्रवात लिटरला साधारण १.१६ ग्रॅम लिथियम आलं. प्रेसमधून निघालेल्या केकमध्ये (दाबून उरलेल्या मातीच्या वडीत) ३५ टक्के ओल राहिली तर दर टन कोरड्या घन भागामागे सुमारे ५४० लिटर द्रव केकबरोबर बाहेर जातो. म्हणजे ६०० ग्रॅमच्या वर लिथियम गेलं, मातीत होतं त्याचा पाचवा हिस्सा. ओल ४५ टक्क्यांवर गेली तर जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. म्हणून केक पाण्यानं धुवावा लागतो. पाणी जास्त घातलं की द्रव पातळ होतो आणि पुढे बाष्पीभवनाचा खर्च चढतो. या ओढाताणीत प्लेटची संख्या, मेम्ब्रेनचा दाब आणि कापडाची वीण बदलते. तेव्हा "प्रेस उशिरा" याचे दोन अर्थ निघतात. जहाज चुकलं असेल तर विशेष काही नाही. पायलटच्या निकालानंतर प्रेसचा आकारच बदलला असेल तर पद्धत अजून पक्की झालेली नाही. पहिल्या अर्थाला थांबायला हरकत नाही. दुसऱ्यात आधी खुलासा घ्यावा.

क्रिस्टलायझरचं आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला लवकर कळेल. साखर कारखान्यात पॅनमध्ये रस आटवतो, गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, थंड झालं की दाणा सुटतो. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशाला साधारण २०० ग्रॅम साखर मावते आणि १०० अंशाला पावणेपाचशेच्या वर. लिथियम कार्बोनेट बरोबर उलटं वागतं: २० अंशाला सुमारे १.३ ग्रॅम आणि १०० अंशाला सुमारे ०.७ ग्रॅम. गरम केलं की ते खाली बसतं. त्यामुळे जिथे उष्णता जास्त तिथेच, म्हणजे हीटरच्या नळ्यांवर, थर चढतो. नळ्यांतला वेग, तापमानातला फरक आणि धुण्यासाठी थांबण्याचं वेळापत्रक हे सगळं त्याच मापाचं ठरवावं लागतं. असं यंत्र गोदामात तयार पडलेलं नसतं. पाच महिन्यांचा उशीर ऐकून मी तरी दचकणार नाही.

यंत्रमाग

मग जुनं यंत्र का घेत नाहीत? आपल्याकडे परदेशातून वापरलेले रेपियर लूम येतातच की. शिवाय क्रिस्टलायझर, प्रेस भारतातही बनतात.

कोंडी एमआयडीसी

@यंत्रमाग दादा, घेतात, पण तीन ठिकाणी अडतं.

पहिली अडचण विजेची. आपल्याकडची किंवा युरोपातली मोटार ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झ. तोच सेंट्रिफ्यूगल पंप ६० हर्ट्झवर लावला तर वेग २० टक्के वाढतो, दाब ४४ टक्के वाढतो आणि ताकद सुमारे ७३ टक्के जास्त ओढली जाते. मोटार ट्रिप होते, नाहीतर जळते. उपाय आहेत: इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) कातून व्यास कमी करणं, वेग आवरणारा ड्राइव्ह बसवणं किंवा मोटार बदलणं. प्रत्येकाला वेळ आणि नवा कागद लागतो.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांना तिकडच्या बहुतेक राज्यांत अस्मीचा (अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचा) शिक्का लागतो. तो बनवतानाच मिळतो: प्लेटची चाचणी प्रमाणपत्रं, वेल्डरची पात्रता, रेडिओग्राफी, हायड्रोटेस्ट, हे सगळं अधिकृत निरीक्षकासमोर. तयार टाकीवर नंतर शिक्का मारता येत नाही. जसं आपल्याकडे बॉयलरला आयबीआरचे (भारतीय बॉयलर नियमांचे) कागद नसले तर तो कितीही चांगला असला तरी पेटवता येत नाही, तसंच.

तिसरी अडचण धातूची, आणि उशिराचं खरं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. क्लोराइड असलेल्या गरम द्रवात ३१६एल स्टेनलेस बाहेरून चकचकीत दिसतं आणि आतून ताणाच्या भेगांनी तडकतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर स्टेनलेसचं नावच काढू नये. तिथे रबर लायनिंग, एफआरपी (काचतंतूचं प्लास्टिक) किंवा महाग निकेल मिश्रधातू लागतात. सल्फ्युरिक असेल तर प्रमाण आणि तापमान बघून वेगळी निवड. डुप्लेक्स (जास्त टिकाऊ स्टेनलेस) किंवा टायटॅनियमची प्लेट रोलिंग मिलच्या वेळापत्रकानुसारच मिळते, आणि ऑर्डर लहान असली की रांगेत मागे ढकलली जाते. डेमो प्लांटची ऑर्डर लहानच असते.

म्हणून कंपनीला विचारावं की ऑर्डर नेमकी कुठल्या पायरीवर आहे. पायऱ्या अशा असतात: पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि आगाऊ रक्कम, पुरवठादाराची ड्रॉइंग, कंपनीची मंजुरी, मालाची खरेदी, फॅब्रिकेशन, हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट (पुरवठादाराच्या कारखान्यातली चाचणी), पॅकिंग, जहाज, कस्टम्स, साइट. पत्रकात "ऑर्डर दिली" असतं, पण ड्रॉइंगची मंजुरी दोन-दोन महिने दोन्हीकडून टोलवली जाते आणि तो उशीर स्वतः कंपनीचा असतो. पुरवठादाराचं घड्याळ मंजूर ड्रॉइंग हातात पडल्यावरच सुरू होतं. ऑर्डर दिल्याच्या बातमीवर शेअरचा भाव करणं म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

खर्चाचंही बघा. अमेरिकेनं २०२५ मध्ये पोलादावरचं २५ टक्के आयातशुल्क मार्चमध्ये सगळ्या देशांना लावलं आणि जूनमध्ये बहुतेकांसाठी ५० टक्क्यांवर नेलं. त्याआधी ऑर्डर दिली आणि माल नंतर पोचला, तर वाढीव शुल्क कोणी भरायचं हे करारातल्या डिलिव्हरीच्या अटीवर ठरतं. यंत्राच्या किमतीवर किती परिणाम झाला, हा प्रश्न वेगळा विचारा.

चाटी गल्ली

इतका कीस कशाला काढायचा? माती जमिनीत आहे, ती कुठे पळून जात नाही. यंत्र आज ना उद्या येणारच. चांगल्या मालाला धीर धरावाच लागतो.

हिशेबनीस

चाटी गल्ली काका, माती पळत नाही हे खरं, पण पैसा आणि भाव दोन्ही पळतात. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला ६ लाख युआनच्या जवळ होतं. २०२३ संपताना ते १ लाखाच्या आसपास आलं. या काळात वर्षभर लांबलेल्या प्रकल्पाची माती तीच राहिली, कर्ज देणारे मात्र बदलले.

आता रोकड. आकडे समजण्यापुरते घेते. बँकेत ८४ लाख डॉलर. पगार, भाडं, ऑडिट, जमिनीचे हक्क असा बांधील खर्च महिन्याला ६ लाख. वरवर बघता १४ महिने निघतात आणि गटात हाच आकडा फिरतो. पण यंत्रं अजून पोचलेली नाहीत, म्हणून त्यांचे शेवटचे हप्तेही गेलेले नाहीत. करार बहुधा असा असतो: ऑर्डरबरोबर काही टक्के, ड्रॉइंग मंजुरीला काही, माल निघताना मोठा भाग, आणि शेवटचा थोडा भाग प्लांट चालवून दाखवल्यावर किंवा बँक गॅरंटीवर. उशिरामुळे शिल्लक फुगलेली दिसते. समजा ४० लाख देणं बाकी आहे. उरले ४४ लाख, म्हणजे सात महिन्यांपेक्षा थोडे जास्त.

समोर काम किती आहे? यंत्र यायला ५ महिने, बसवायला २, सुरू करायला २, सलग चालवून आकडे काढायला कमीत कमी ३. एकूण १२ महिने, म्हणजे ७२ लाख. तूट २८ लाखांची, रसायनं आणि वीज वेगळी. म्हणजे डेमोचा निकाल लागायच्या आधीच कंपनी नवे शेअर विकणार, हे आजच लिहून ठेवायला हरकत नाही.

आता नवे शेअर कुठल्या भावाला विकले जातात ते बघा. सध्या १० कोटी शेअर आहेत आणि ३० लाख डॉलर उभारायचे आहेत. भाव ४० सेंट असेल तर ७५ लाख नवे शेअर, साडेसात टक्के भर. उशिराच्या बातमीनं भाव २५ सेंटवर आला तर १ कोटी २० लाख नवे शेअर, बारा टक्के. वर प्रत्येक दोन शेअरमागे एक वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क) दिलं, जे छोट्या खाण कंपन्या सर्रास देतात, तर आणखी ६० लाखांची टांगती भर. यंत्राच्या उशिराची खरी किंमत आपण अशी मोजतो.

हे आकडे मिळतात. कॅनडातल्या छोट्या कंपन्यांना सहसा तिमाही हिशेब ६० दिवसांत आणि वार्षिक १२० दिवसांत सेडार प्लस या नियामकांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. त्यात व्यवस्थापनाचं विवेचन वाचा आणि "कमिटमेंट्स"ची टीप शोधा. देणं बाकी तिथे असतं. ऑस्ट्रेलियात नोंदलेली कंपनी असेल तर काम आणखी सोपं: अपेंडिक्स ५बी या तिमाही रोकड अहवालात पैसा किती तिमाही पुरेल हे कंपनीलाच लिहावं लागतं, आणि दोनपेक्षा कमी असेल तर पुढे काय करणार याचं उत्तरही द्यावं लागतं.

पडत्या भावात आणखी घेण्याचा बेत असणाऱ्यांनी घरचा हिशेबही मांडावा. एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची) मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्यावर सेस वगैरे. आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेची यादी) भरायला विसरू नका. ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे असतं, मार्चअखेरप्रमाणे नाही.

यंत्रमाग

ताई, बाकी देण्याचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. मग यंत्रं आल्यावर घाई करून तीन महिन्यांचं चालवणं एक महिन्यात उरकलं तर पैसा वाचेल ना?

पॅनमन

नाही. तिथे घाई केली तर डेमो प्लांट बांधल्याचा उपयोगच जातो.

डेमो प्लांट माल विकण्यासाठी नसतो, दोष बाहेर काढण्यासाठी असतो. आणि यातले वाईट दोष पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत, कारण द्रव फिरवून पुन्हा वापरला जातो. मॅग्नेशियम, पोटॅशियम, बोरॉन, फ्लोराइड अशी अशुद्धी प्रत्येक फेरीत थोडी साठत जाते. समजा चक्रात एकूण ६० घनमीटर द्रव आहे आणि तासाला १०० लिटर बाहेर काढला जातो. भागाकार ६०० तास, म्हणजे २५ दिवस. अशुद्धी आपल्या शेवटच्या पातळीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला याच्या तिप्पट वेळ लागतो, ७५ दिवस. तेही प्लांट सलग चालला तर. सुरुवातीला प्लांट ६० टक्के वेळ चालला तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे सव्वाशे दिवस झाले. दहाव्या दिवशी काढलेला ९९.५ टक्के शुद्धतेचा नमुना खरा असतो, पण तो नव्या द्रवाचा असतो. सव्वाशे दिवसांनंतरही तीच शुद्धता राहिली तर ग्राहक आणि बँक विश्वास ठेवतात.

म्हणून मी उशिरापेक्षा चाललेल्या तासांकडे बघतो. पत्रकात "यशस्वी उत्पादन" लिहिलं असेल तर शोधा: सलग किती तास, किती टक्के उपलब्धता, पाणी आणि ॲसिडचा पुनर्वापर चालू होता की बंद, केकची ओल किती. पुनर्वापर बंद ठेवून काढलेले आकडे नेहमीच देखणे असतात.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूनेही सांगतो. प्रेस आणि पॅनेल आल्यावर, क्रिस्टलायझर येईपर्यंत त्याच्या आधीचा अर्धा भाग, म्हणजे माती कालवणं, ॲसिड, फिल्टर, हा चालू करता येतो आणि निघालेला द्रव टाकीत साठवता येतो. टप्प्याटप्प्यानं सुरू करणारी कंपनी उशिराचे पाचही महिने वाया घालवत नाही. प्रेसच्या कापडाचे, केकच्या ओलीचे आकडे तिला तेवढ्या वेळात मिळतात. हे करणार का, हा प्रश्न नक्की विचारा. उत्तर "हो" आलं तर माझा धीर दुप्पट होईल.

जुळे सोलापूर

थोडा इतिहास, कारण हे सगळं आधी घडून गेलंय. १९८१ मध्ये रँड कॉर्पोरेशननं नव्या पद्धतीच्या प्रक्रिया प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्च फुगण्याची आणि उत्पादन कमी पडण्याची कारणं त्यात तपासली होती. व्यापारी पातळीवर पूर्वी न वापरलेल्या पायऱ्या जितक्या जास्त तितकी कामगिरी घसरते, आणि घन पदार्थ हाताळणारे प्रकल्प फक्त द्रव-वायूंवर चालणाऱ्यांपेक्षा जास्त रखडतात. आपल्या चर्चेतली कंपनी दोन्हींत बसते. तेव्हा त्यांच्या वेळापत्रकात मुळातच किती सूट ठेवली होती हे बघावं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९८-९९ च्या सुमारास निकेलचे तीन प्रकल्प उच्च दाबाच्या ॲसिड पद्धतीनं सुरू झाले: मरिन मरिन, कॉझ, बुलाँग. मरिन मरिनची रचना वर्षाला ४५ हजार टन निकेलची होती, प्रत्यक्षात कितीतरी वर्षं उत्पादन त्याच्या बरंच खाली राहिलं. पाइप, व्हॉल्व्ह आणि धातूची निवड यांनी दमवलं. त्या प्लांटची यंत्रं वेळेवर आली होती की उशिरा, हे आज कोणाच्या लक्षातही नाही.

उलटं उदाहरण कॅनडातल्या नेमास्का लिथियमचं. शाविनिगन इथला त्यांचा डेमो प्लांट चालला, माल ग्राहकापर्यंत गेला. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये मुख्य प्रकल्पाला सुमारे ३७.५ कोटी कॅनेडियन डॉलर जादा लागतील असं कंपनीनं जाहीर केलं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये धनकोंपासून कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं. जुन्या भागधारकांच्या हाती फारसं काही राहिलं नाही. म्हणजे डेमो यशस्वी झाला की सुटलो, असंही धरू नका. डेमोनंतर मुख्य प्रकल्पाचा अंदाजी खर्च नव्यानं काढणार का, तेही बघा.

चाटी गल्ली

मुद्दा पटला. मी विकणार नाही, पण पुढच्या तिमाहीचे कागद बघितल्याशिवाय नवीनही घेणार नाही.

होटगी रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. तिमाही कॉलच्या आधी कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला पाठवायला हे प्रश्न लिहिलेत, बघून घ्या.

तिन्ही यंत्रं आज कुठल्या पायरीवर आहेत, आणि ड्रॉइंग मंजुरीची तारीख काय? प्रेसचा आकार किंवा प्लेटची संख्या ऑर्डरनंतर बदलली का? धातूची निवड बदलली का, आणि बदलली असेल तर कुठल्या चाचणीमुळे? यंत्रांचं किती देणं बाकी आहे? वाढीव आयातशुल्क कोणाकडे? क्रिस्टलायझरशिवाय त्याच्या आधीचा भाग सुरू करणार का? डेमो किती सलग तास आणि पुनर्वापर चालू ठेवून चालवणार? उशिराबद्दल पुरवठादाराकडून दंड मिळणार का?

एक शंका राहिली. कंपनी म्हणते फिल्टर प्रेसची फॅक्टरी टेस्ट "पास" झाली. मग ते यंत्र निर्धास्त धरायचं का?

कोंडी एमआयडीसी

@होटगी रोड, प्रश्न चांगले आहेत. दंडाच्या प्रश्नाला जास्त वजन देऊ नका. अशा करारांत दंड बहुधा आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के असा बांधलेला असतो, तोही त्या यंत्राच्या किमतीवर. पाच महिन्यांच्या पगारापुढे तो किरकोळ आहे.

फॅक्टरी टेस्टचं असं आहे की ती जवळजवळ नेहमी पाण्यावर होते. हायड्रॉलिक सिलिंडर दाब धरतो का, प्लेटमधून गळती आहे का, प्लेट शिफ्टर आणि कापड धुण्याची व्यवस्था चालते का, इंटरलॉक बरोबर आहेत का, एवढं त्यात कळतं. चिकणमातीचा केक कापडाला चिकटून बसतो की आपोआप खाली पडतो, हे पाण्यावर कळत नाही. केक चिकटला तर माणसाला पट्टीनं खरवडावं लागतं, दहा मिनिटांचं रिकामं करणं पाऊण तासाचं होतं आणि दिवसाची आवर्तनं घटतात. तेव्हा प्रश्नात एक ओळ वाढवा: पुरवठादारानं कंपनीच्याच मातीच्या स्लरीवर छोट्या प्रेसमध्ये चाचणी घेतली होती का, आणि त्यात पूर्ण आवर्तन किती मिनिटांचं आलं?